डिस्क स्वस्त झाली, दुरुस्ती नाही: लिनक्समधील सामायिक लायब्रऱ्यांच्या वादाची उलटतपासणी

१/
गेली काही वर्षे संगणकाच्या जगात एक विधान मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. डायनॅमिक लिंकिंग जन्माला आले ते मेमरी आणि डिस्क महाग होत्या म्हणून. आज दोन्ही स्वस्त आहेत. सबब ते कारण सरले आणि लिनक्स डिस्ट्रिब्यूशनांनी ही जुनाट पद्धत सोडून द्यावी. विधान तांत्रिक भासते, परंतु त्याचा सारा भार एका ऐतिहासिक दाव्यावर आहे. तो दावा निम्मा खोटा आणि उरलेला निम्मा अपुरा आहे. हा धागा त्या दाव्याच्या उलटतपासणीसाठी.

२/
आधी संज्ञा स्पष्ट असाव्यात. कोणताही प्रोग्राम सहसा स्वयंपूर्ण नसतो. फाइल दाबून लहान करणे, चित्र उलगडणे, संदेश कूटबद्ध करणे ही कामे तो तयार कोडच्या संग्रहांकडून करून घेतो. या संग्रहांना लायब्ररी म्हणतात. स्टॅटिक लिंकिंगमध्ये प्रोग्राम बांधला जातानाच लायब्ररीतील आवश्यक भाग त्याच्या पोटात उतरवला जातो. डायनॅमिक लिंकिंगमध्ये प्रोग्रामात लायब्ररीचे केवळ नाव नोंदलेले असते. प्रोग्राम सुरू होताना लोडर नावाचा घटक ती लायब्ररी डिस्कवरून शोधून त्याला जोडून देतो. तीच एक प्रत मग शेकडो प्रोग्राम वापरू शकतात.

३/
इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही. एकच स्तोत्र शंभर पोथ्यांत उतरवून घेतले, तर मुळातली चूक शंभर ठिकाणी जाते आणि ती सुधारायची तर शंभर घरांचे उंबरठे झिजवावे लागतात. पोथ्यांत केवळ ‘हे स्तोत्र मठातील अमुक ग्रंथात पाहावे’ अशी खूण असेल, तर एका ठिकाणची दुरुस्ती सर्वांना पुरते. मात्र मठातला तो एक ग्रंथ कुणी बिघडवला, तर शंभरही वाचक एकदम फसतात. या दृष्टान्ताच्या दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्यात. पुढचा सगळा वाद त्यांच्यामध्येच आहे.

४/
आता जन्मकथा. डायनॅमिक लिंकिंग लिनक्सहून, किंबहुना युनिक्सहूनही जुने आहे. १९६० च्या दशकात एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून मल्टिक्स ही प्रणाली घडवायला घेतली. तीत प्रोग्रामचे भाग चालता चालता, नावाने एकमेकांना जोडले जात. १९६८ साली रॉबर्ट डेली आणि जॅक डेनिस यांनी या रचनेवर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात रचनेकडून असलेल्या अपेक्षा क्रमाने मांडलेल्या आहेत. त्यांतील एक अपेक्षा या वादात कुणी सहसा उच्चारत नाही.

५/
ती अपेक्षा अशी: एक भाग नव्याने कंपाइल केला, तर त्यामुळे दुसऱ्या भागांना धक्का लागता कामा नये. हा बचतीचा मुद्दा नाही. एक भाग बदलता यावा आणि बाकीचे सुखरूप राहावेत, हा आहे. प्रत एकच असावी, मेमरी वाचावी, हा हेतूही मल्टिक्सपुढे होता, यात शंका नाही. परंतु सुटेपणाने बदलता येणे ही कल्पना त्याच्या जोडीने, पहिल्याच पिढीत, लेखी नोंदलेली आहे. ‘जन्म केवळ काटकसरीतून झाला’ हे विधान म्हणून निम्मे खोटे ठरते.

६/
बेल लॅब्जने १९६९ साली मल्टिक्समधून अंग काढून घेतले आणि तेथील काही मंडळींनी युनिक्स ही लहानखुरी प्रणाली उभी केली. आरंभीच्या युनिक्समध्ये सामायिक लायब्रऱ्या नव्हत्या. प्रोग्राम छोटे, लायब्ररी छोटी. प्रत्येकाने आपली शिदोरी आपल्या पाठीवर घ्यावी, यात कुणाला जाच वाटला नाही. स्टॅटिक लिंकिंगचे आजचे समर्थक या काळाकडे हरवलेल्या सुवर्णयुगासारखे पाहतात. त्या साधेपणाचे एक कारण मात्र ते विसरतात: ती यंत्रे जगभरच्या अनोळखी माणसांच्या संदेशांना उत्तरे देत बसलेली नव्हती.

७/
१९८० च्या दशकात खिडक्यांचे, चित्रांचे संगणन आले. एक्स विंडो प्रणालीवर साधे घड्याळ दाखवणारा प्रोग्रामही आपल्यासोबत लायब्रऱ्यांचे गाठोडे वाहू लागला. सन कंपनीच्या अभियंत्यांनी १९८७ साली युनिक्ससाठी सामायिक लायब्रऱ्यांची रचना मांडली आणि १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये ती प्रत्यक्षात आली. येथे मेमरीची टंचाई खरोखरच निकडीची होती. काटकसरीचा सिद्धान्त मांडणारे नेमका हाच टप्पा उचलतात, त्याच्या आधीचे पान उलटत नाहीत आणि नंतरचेही नाही.

८/
नंतरचे पान लिनक्सचे आहे आणि ते अधिक बोलके आहे. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सने सामायिक लायब्रऱ्या लवकरच स्वीकारल्या, पण त्या ‘ए.आउट’ या जुन्या साच्यात. त्या साच्यात प्रत्येक सामायिक लायब्ररीला मेमरीतला एक ठरावीक पत्ता नेमून द्यावा लागे. दोन लायब्रऱ्यांचे पत्ते एकमेकांवर चढू नयेत म्हणून कोणती लायब्ररी कोठे, याची मध्यवर्ती नोंद ठेवावी लागे. नवी सामायिक लायब्ररी तयार करणे हे किचकट काम होते आणि आकार वाढला की नेमलेली जागा अपुरी पडण्याची धास्ती असे.

९/
येथे थांबून विचार करावा. ही पद्धत मेमरी वाचवत होती का? पुरेपूर. एकच प्रत सर्वांना पुरत होती. वेगही चांगला होता. तरीही १९९० च्या दशकाच्या मध्यावर लिनक्सच्या जगाने ती टाकून ‘ईएलएफ’ हा साचा स्वीकारला; डेबियनने जून १९९६ मधील १.१ या आवृत्तीपासून. नव्या साच्यातला कोड त्या काळच्या इंटेल यंत्रांवर किंचित मंद चाले, कारण मुळात मोजक्या असलेल्या रजिस्टरांपैकी एक सामायिक कोडसाठी अडकून पडे. स्थित्यंतराची दगदग निराळीच.

१०/
केवळ जागा वाचवणे हाच हेतू असता, तर हा खटाटोप वेडेपणाचा ठरला असता. जागा आधीच वाचत होती. मग वेग गमावून, दगदग सोसून काय मिळवले? लायब्ररी सहज बांधता येणे, कोणत्याही पत्त्यावर ठेवता येणे आणि बाकीच्यांना न दुखवता बदलता येणे. मेमरी आजच्यापेक्षा कितीतरी महाग होती त्या काळात लिनक्सने बदलण्याच्या सोयीला झुकते माप दिले. हेतूंविषयी पुढे लोक काय सांगतात यापेक्षा त्या वेळी त्यांनी कशाची किंमत मोजली, हा इतिहासात अधिक भरवशाचा पुरावा असतो.

११/
याच सुमारास या तांत्रिक रचनेला कायद्याचा एक धागा येऊन मिळाला. जीएनयू प्रकल्पाने १९९१ साली लायब्रऱ्यांसाठी वेगळा परवाना काढला. १९९९ पासून तो ‘लेसर जीपीएल’ म्हणून ओळखला जातो. त्याचे एक मर्म असे: या परवान्याखालील लायब्ररी एखाद्या बंदिस्त प्रोग्रामात वापरली, तरी वापरकर्त्याला त्या लायब्ररीची सुधारित आवृत्ती त्या प्रोग्रामाला जोडता आली पाहिजे. लिनक्सची पायाभूत सी लायब्ररी, ग्लिबसी, याच परवान्याखाली आहे. लायब्ररी बदलण्याची सोय येथे वापरकर्त्याच्या हक्काच्या पातळीवर जाऊन पोहोचली.

१२/
मार्च २००२. झेडलिब ही फाइली दाबून लहान करणारी छोटीशी लायब्ररी. एकदा मोकळी केलेली मेमरी दुसऱ्यांदा मोकळी करण्याचा दोष तीत सापडला. हल्लेखोराला त्याचा गैरफायदा घेता येण्याची शक्यता होती. ज्या प्रोग्रामांनी सामायिक झेडलिब वापरली होती, त्यांच्यासाठी डिस्ट्रिब्यूशनांनी एक पॅकेज बदलले आणि काम संपले. परंतु झेडलिब लहान, उपयुक्त आणि मुक्त असल्याने अनेकांनी तिचा कोड सरळ आपल्या घरात उतरवून घेतला होता. आरसिंक, सीव्हीएस, आरपीएम, एवढेच काय, खुद्द लिनक्सचे कर्नलही त्यांत होते.

१३/
मग सुरू झाली शोधाशोध. कुणाच्या पोटात झेडलिब आहे? कोणती आवृत्ती? तिच्यात कुणी स्थानिक फेरफार केले आहेत का? यादी कुणाकडेच नव्हती, कारण उतरवून घेतलेल्या प्रतीची नोंद ठेवण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. एकेक पॅकेज तपासून, वेगळे बांधून, वेगळे प्रसिद्ध करावे लागले. जुलै २००५ मध्ये त्याच लायब्ररीत दुसरा गंभीर दोष सापडला आणि नकलांच्या शोधाचे तेच ओझे पुन्हा अंगावर आले. दोष दोनदा घडणे स्वाभाविक आहे. दोन्ही वेळा आधी त्याचा ठावठिकाणा शोधत फिरावे लागणे, ही व्यवस्थेची उणीव होती.

१४/
अशा अनुभवांचा ठसा संस्थांच्या नियमांवर दिसतो. डेबियनच्या धोरणग्रंथात पॅकेजांनी दुसऱ्यांच्या कोडच्या नकला बाळगू नयेत असे कलम आहे. त्याच्या स्पष्टीकरणात अशा नकला अपव्ययाच्या आहेत असे म्हटले आहेच, पण सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणून सुरक्षादोष हाताळण्यातली अडचण सांगितली आहे. डेबियनच्या सुरक्षा चमूने कुठल्या पॅकेजात कुणाची नक्कल दडली आहे, याची वहीच ठेवली. फेडोराने २०१५ पर्यंत अशा नकलांवर कडक बंदी पाळली. काटकसरीच्या सिद्धान्ताने हे कलम एकदा तरी वाचावे.

१५/
दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली, ७ एप्रिल २०१४: ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’. जगभरच्या सर्व्हरांच्या मेमरीतून गुपिते गळू शकत होती. प्रमाणपत्रे आणि पासवर्ड बदलण्याचा व्याप मोठा होता, हे खरे. पण मूळ भोक बुजवणे डिस्ट्रिब्यूशन वापरणाऱ्यांसाठी सरळ होते: सामायिक लायब्ररीचे पॅकेज अद्ययावत करायचे आणि ती वापरणाऱ्या सेवा पुन्हा सुरू करायच्या. वेबसर्व्हर, मेलसर्व्हर, डेटाबेस यांच्या कर्त्यांनी आपापली नवी आवृत्ती काढण्याची वाट कुणाला पाहावी लागली नाही.

१६/
दुसरी, सप्टेंबर २०२३: वेबपी चित्रे उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीतील दोष, तो प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात होता. डिस्ट्रिब्यूशनांनी आपली सामायिक प्रत त्वरेने दुरुस्त केली. परंतु इलेक्ट्रॉनवर बांधलेले प्रत्येक डेस्कटॉप ॲप आपल्यासोबत एक अख्खा क्रोमियम ब्राउझर बाळगते आणि त्याच्या पोटात स्वतःची लिबवेबपी. गप्पांचे ॲप वेगळे, टिपणांचे वेगळे, कोड लिहिण्याचे वेगळे. प्रत्येकाची दुरुस्ती त्याच्या कर्त्याच्या सवडीवर. आपल्या यंत्रावर ही लायब्ररी किती ठिकाणी आहे, हे सामान्य वापरकर्त्याने कोठे पाहावे?

१७/
येथे एक आक्षेप रास्त आहे: इलेक्ट्रॉनची अडचण नक्कल बाळगण्याची आहे, ती काटेकोर अर्थाने स्टॅटिक लिंकिंगची नाही. मान्य. २००४ साली मायक्रोसॉफ्टच्या जीडीआय प्लस लायब्ररीत जेपेग चित्रांसंबंधीचा दोष निघाला, तेव्हाही हेच दिसले. ती लायब्ररी डायनॅमिक होती, तरीही अनेक प्रोग्राम तिची खासगी प्रत सोबत आणत, आणि त्या प्रती हुडकण्यासाठी कंपनीला खास साधन द्यावे लागले. वादाचा गाभा यावरूनच नेमका होतो. जोडणी कोणत्या क्षणी होते, हे दुय्यम. प्रती किती आणि त्यांचा धनी कोण, हे मुख्य. स्टॅटिक लिंकिंग ही प्रती वाढवण्याची सर्वांत अबोल रीत आहे, कारण त्यात प्रतीला स्वतःची फाइलही उरत नाही.

१८/
‘सर्व काही पुन्हा बांधा, आजची यंत्रे वेगवान आहेत’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. ते कागदावर बिनतोड आहे. आता पुरावा पाहावा. गो आणि रस्ट या भाषांतील पॅकेजे आपल्या लायब्रऱ्या स्टॅटिक पद्धतीने पोटात घेतात. डेबियनसारख्या अनुभवी प्रकल्पाने आपल्या २०२३ च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीसोबतच्या टिपणात स्पष्ट सांगितले की अशी पॅकेजे सरसकट पुन्हा बांधणे आपल्या यंत्रणेला जड जाते, म्हणून त्यांना सुरक्षेचा आधार मर्यादितच मिळेल. जगातील सर्वांत शिस्तबद्ध डिस्ट्रिब्यूशनांपैकी एक ही कबुली देते, तेव्हा ‘पुन्हा बांधा’ हा सल्ला किती सोपा उरतो?

१९/
शिवाय बांधणी हा अर्धाच खर्च. एका लहानशा लायब्ररीतील चार ओळींची दुरुस्ती शेकडो प्रोग्रामांच्या नव्या आवृत्त्यांच्या रूपाने प्रत्येक यंत्रापर्यंत वाहून न्यावी लागते. महानगरातील विदाकेंद्राला तो भार जाणवत नाही. मोजून डेटा वापरणाऱ्या माणसाला जाणवतो, आणि तो मग अद्ययावत करणेच पुढे ढकलतो. डिस्क स्वस्त झाली, यात वाद नाही. दोष शोधणाऱ्याचे लक्ष, दुरुस्ती वाहणाऱ्याचा वेळ आणि ती स्वीकारणाऱ्याची सवड या तीन वस्तू मात्र काडीइतक्याही स्वस्त झालेल्या नाहीत.

२०/
आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा. तो झाकून वाद जिंकण्यात अर्थ नाही. २०१० साली फेडोरा १४ मध्ये ॲडोबी फ्लॅशचा आवाज अचानक फाटू लागला. ग्लिबसीने मेमरीतील मजकूर नकलणाऱ्या ‘मेमसीपीवाय’ या फंक्शनची नवी, वेगवान रीत आणली होती आणि फ्लॅश त्याचा नियमबाह्य वापर करत होते. नियमाने चूक फ्लॅशची. पण लिनस टॉरव्हल्ड्स यांनीच त्या चर्चेत उतरून सुनावले की वापरकर्त्याला चूक कुणाची याच्याशी कर्तव्य नसते. काल चालत होते ते आज मोडले, एवढेच त्याला दिसते. सामायिक वस्तू बदलणाऱ्याच्या अंगावर ही जबाबदारी येतेच.

२१/
त्याहून गंभीर प्रकरण १३ मे २००८ रोजी उघड झाले. डेबियनमधील ओपनएसएसएलमध्ये २००६ साली एक बदल करण्यात आला होता. एका तपासणी-साधनाच्या तक्रारी थांबवणे हा हेतू. त्या बदलाने यादृच्छिक संख्यांचा झराच आटवला. प्रक्रियेचा क्रमांक एवढाच आधार उरला, म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका प्रकारच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. जवळजवळ दोन वर्षे ही स्थिती होती. तिसऱ्या क्रमांकात ज्याचा इशारा दिला तो हाच प्रसंग: मठातला ग्रंथ बिघडला आणि सर्व पोथ्या एकदम बिघडल्या. लायब्ररी एका पॅकेजाने सुधारली, पण तोवर जगभर पसरलेल्या कच्च्या किल्ल्या एकेक करून बदलाव्या लागल्या.

२२/
तिसरे, सर्वांत ताजे: एक्सझेड. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट दडवलेली आहे. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या क्षुल्लक खुणेवरून त्यांना सुगावा लागला. ओपनएसएसएच मुळात ही लायब्ररी वापरत नाही. काही डिस्ट्रिब्यूशनांनी त्याला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्या मागोमाग एक्सझेडची लिबएलझेडएमए आत आली. स्टॅटिकवाद्यांनी यावर विजयघोष केला: पाहा, तुमच्याच दाराने चोर शिरला.

२३/
आरोपाचा अर्धा भाग स्वीकारला पाहिजे. गरज नसलेल्या लायब्रऱ्या साखळीने आत येणे घातक आहे आणि परावलंबन कमी करणे हा त्यावरचा उपाय आहे. परंतु स्टॅटिक जगात ही चोरवाट उमटली नसती, असे मानायला आधार नाही. दूषित लायब्ररी पोटात घेणारा प्रोग्राम ती विषासकट घेतो. फरक नंतर पडला असता. त्या शुक्रवारी ‘माझ्या यंत्रावर ही चोरवाट आहे का’ या प्रश्नाचे उत्तर एका पॅकेजाची आवृत्ती पाहून मिळत होते आणि जुनी आवृत्ती परत आणली की धोका टळत होता. तीच लायब्ररी शेकडो बायनरींच्या पोटात विरघळलेली असती, तर २००२ ची शोधाशोध पुन्हा सुरू झाली असती.

२४/
याचा अर्थ स्टॅटिक लिंकिंग सर्वत्र त्याज्य आहे, असा नाही. यंत्र बिघडले असताना उपयोगी पडणारी बचावाची साधने स्वयंपूर्णच असावीत. गो ही भाषा गूगलमध्ये घडली. अशा मोठ्या संस्थेत कोडचा मालक, बांधणारा आणि चालवणारा एकच असतो. जेथे दोष कळताच सर्व काही पुन्हा बांधून चढवणारे हात पगारावर आहेत, तेथे ही रीत शोभते. चूक होते ती तेथील सोय उचलून, तिच्यामागची जबाबदारी मात्र तेथेच ठेवून, ती बाहेरच्या जगावर लादताना. जेथे कुणीही पुन्हा बांधणार नाही, तेथे स्टॅटिक बायनरी ही गोठलेली चूक असू शकते.

२५/
खुद्द स्टॅटिकच्या छावणीत काय चालले आहे, हेही पाहण्याजोगे आहे. गोची बायनरी आता आपल्या पोटात कोणत्या मॉड्यूलची कोणती आवृत्ती आहे, याची नोंद सोबत बाळगते. ती नोंद वाचून ज्ञात दोष हुडकणारे ‘गोव्हल्नचेक’ हे साधन २०२२ साली आले. अमेरिकेच्या मे २०२१ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीचा आग्रह धरला. म्हणजे जी वही डिस्ट्रिब्यूशनच्या पॅकेज-व्यवस्थेत आपोआप लिहिली जात होती, तीच आता नव्याने, कष्टाने लिहिली जात आहे. ज्या वस्तूची गरज संपली म्हणून ती मोडीत काढली, ती दुसऱ्या नावाने पुन्हा विकत घ्यावी लागते, तेव्हा गरज संपलेली नव्हती एवढे तरी कबूल व्हावे.

२६/
मूळ दाव्यातील तर्कदोष शेवटी असा आहे: एखादी गोष्ट कशासाठी सुरू झाली आणि ती कशासाठी टिकली, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. जी.आय.पी. रेल्वेच्या प्रवर्तकांच्या डोळ्यांसमोर दख्खन-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणणे होते. कापसाचा तो व्यापार सरला म्हणून लोकल बंद करा, असे दादर स्थानकावर उभे राहून कुणी म्हणत नाही. सामायिक लायब्रऱ्यांची मेमरीतली बचत आज अनेकदा किरकोळ असते, कारण बऱ्याच लायब्रऱ्या मोजकेच प्रोग्राम वापरतात. तो मुद्दा बिनशर्त सोडून द्यावा. तो सोडला तरी दुरुस्तीचा मुद्दा तसूभरही हलत नाही.

२७/
म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘डिस्क स्वस्त आहे’ म्हणाले, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. उद्या दोष सापडला, तर तो कोठे कोठे आहे हे कोण सांगू शकेल? तो किती जणांना, किती ठिकाणी दुरुस्त करावा लागेल? आणि ज्याने झेडलिबचे नावही कधी ऐकलेले नाही, अशा माणसाच्या यंत्रापर्यंत ती दुरुस्ती कुणाच्या हातून पोहोचेल? ज्या व्यवस्थेकडे या तिन्हींची उत्तरे आहेत, ती कोणत्याही पद्धतीने लायब्ररी जोडो. जिच्याकडे नाहीत, तिने निदान इतिहासाचा दाखला देऊ नये.